धुकं काढून टाकलेलं शहर

नवा खेळ संगणकावर उतरला तेव्हा घरचे सगळे पडवीत सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसले होते. वऱ्हाडातल्या मालेगावच्या शिवेला लागून आमची भाजीची बागायत आहे. मेथी, पालक, वांगी, सांभार. दुपारनंतर जुड्या बांधायच्या आणि सकाळी बाजारात हर्रासाला, लिलावाला न्यायच्या, हे आमचं वर्षभराचं काम. मी हात झटकून उठलो तेव्हा बाबांनी विचारलं, "कुठी चालला?" मी म्हटलं, "खेळ आला." त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. चाळिशीकडे झुकलेला पोरगा खेळ आला म्हणून कामावरून उठतो, यावर बोलायचं तरी काय, असं त्यांना वाटलं असणार.

आत जाऊन मी खेळ सुरू केला आणि थोड्याच वेळात माझ्या मस्तकात तिडीक गेली.

हा खेळ आधी एकदा येऊन गेलेला होता. गोष्ट गुन्हेगारीची. एक ट्रक ड्रायव्हर जेलमधून सुटून बंदराच्या एका शहरात परत येतो. जुना मालक त्याला पुन्हा कामावर ठेवतो, पण आता ट्रकमध्ये चोरीचा माल असतो. मग टोळ्या, गोळीबार, पोलिसांचा पाठलाग. शेवटी कळतं की त्याला खोट्या केसमध्ये अडकवणारा माणूस म्हणजे मालकाचा वकीलच. शाळा संपून कॉलेज लागलं त्या काळात या खेळाने मला पार वेड लावलं होतं. आता इतक्या वर्षांनी त्याच कंपनीने तो नव्याने घडवून विकायला काढला. तेच शहर, तेच ट्रक, तीच माणसं, फक्त सगळं नवं. निदान जाहिरातीत तरी असंच होतं.

मी तो एकट्याने कधीच खेळलो नव्हतो. माझा एक मित्र होता, जवळच्या मेडशी गावचा. आम्ही दोघं मालेगावच्या कॉलेजात अकरावीला एका वर्गात होतो. तो एसटीने यायचा आणि परतीची गाडी सुटेपर्यंत आम्ही बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन बसायचो. प्लायवूडच्या खोपट्यात एक संगणक, एक खुर्ची आणि एक स्टूल. कॅफेवाल्याकडे कुणीतरी कॉपी करून आणलेली त्या खेळाची सीडी होती. संगणक एक आणि आम्ही दोघं, म्हणून आम्ही काम वाटून घेतलं होतं. कीबोर्डवर माझे हात, माऊसवर त्याचा. म्हणजे ट्रक मी चालवायचा आणि गोळी त्याने मारायची. ड्रायव्हर पायी चालत असला तरी तेच. पाय माझे, नेम त्याचा.

हे सांगायला सोपं आहे, करायला नाही. तो डावीकडे बघत असताना मी उजवीकडे वळलो की ड्रायव्हर सरळ भिंतीत जायचा. सुरुवातीला आम्ही एकमेकांना इतक्या शिव्या दिल्या की कॅफेवाल्याने दोनदा बाहेर काढलं. मग हळूहळू जमलं. पुढे पुढे तर बोलावंही लागत नसे. त्याचा खांदा थोडा पुढे झुकला की मला कळायचं, आता वेग कमी करायचा.

खेळातलं इंग्रजी आम्हाला अर्धंमुर्धंही समजत नव्हतं. वकील फोनवर काहीतरी बोलायचा आणि मित्र त्याचं वऱ्हाडीत करून सांगायचा. "हॅलो, माल पोचला काय? नाई पोचला? मंग मले फोन कायले केला बे?" हे वकिलाचं वाक्य नव्हतं, हे आम्हालाही माहीत होतं. पण आमच्यासाठी तो वकील असाच बोलायचा.

त्या शहरावर कायम धुकं असायचं. बंदराच्या पुलावर ट्रक थांबवला की समोर फक्त करडा पडदा, त्यात कुठेतरी एखादा दिवा. पलीकडे काय असेल यावर आमचे वाद व्हायचे. तो म्हणायचा कारखाने असतील, मी म्हणायचो डोंगर. खूप नंतर कुठेतरी वाचलं की त्या काळच्या संगणकांना लांबचं चित्र काढणं झेपत नव्हतं, म्हणून बनवणाऱ्यांनी धुकं घालून ठेवलं होतं. असेल. आम्हाला मात्र ते शहर कधी संपतच नाही असं वाटायचं.

कॉलेज सुटलं. मी बागायतीत लागलो, तो मेडशीला शेती बघू लागला. सोयाबीन आणि तूर. पुढे मी जुना संगणक घेतला तेव्हाही तो कधीतरी यायचा, स्टूल ओढून बसायचा आणि माऊस हातात घ्यायचा.

मग त्याच्या शेतात तो अपघात झाला. सोयाबीनची सोंगणी झाली होती, मळायला थ्रेशर लावलं होतं. आदल्या दिवशीच्या पावसाने शेंगा ओलसर होत्या आणि तोंडाशी काड अडकत होतं. त्याने ते हाताने आत लोटलं. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला. अकोल्याला नेलं, जखम भरली, पण माणूस आटला. तो खिशात हात घालून फिरू लागला. लग्नकार्यात जेवायला बसेना. मी भेटायला गेलो की गप्पा मारायचा, पण त्याचा हात दस्तीखाली, रुमालाखाली झाकलेला असायचा आणि मी तिकडे बघत नाही ना, याकडे त्याचं सगळं लक्ष. खेळाचं नाव मी काढलं नाही. त्यानेही नाही.

तर तो नवा खेळ.

सगळ्यात आधी धुकं गेलं होतं. पुलावर ट्रक उभा केला आणि अख्खं शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख दिसलं. पलीकडे ना कारखाने, ना डोंगर. काही गल्ल्या, एक गोदाम आणि त्यामागे सुरीने कापल्यासारखी जमिनीची कड, मग सपाट निळं पाणी. आपण इतकी वर्षं ज्याला शहर समजत होतो ते आमच्या मालेगावापेक्षाही लहान निघालं. मला लाज वाटली. कुणाची ते मला अजून सांगता येणार नाही.

चेहऱ्यांचं तर विचारूच नका. जुन्या खेळात वकिलाचा चेहरा म्हणजे हॅटखाली चार काळपट ठिपके. डोळे कुठे बघतात कळायचं नाही, म्हणूनच त्याची भीती वाटायची. नव्यात त्याला गुळगुळीत गाल दिले होते, पांढरे शुभ्र दात दिले होते. टूथपेस्टच्या जाहिरातीतला माणूस धमक्या देतोय असं वाटत होतं. दुकानांच्या पाट्या बहुतेक यंत्राकडून मोठ्या करून घेतल्या असाव्यात. अक्षरं विरघळलेली, काही शब्दांना तर अर्थच नाही. पाऊस पुलाखालीही पडत होता. ट्रकच्या रेडिओवरची निम्मी गाणी गायब, आणि ट्रकचा आवाज मिक्सरमध्ये चटणी वाटल्यासारखा. एकदा गोदामाच्या फाटकाशी वळलो तर मागची चाकं रस्त्यात रुतली आणि ट्रक हळूहळू डांबराखाली निघून गेला. मी बघत बसलो.

चांगलं काहीच नव्हतं असं नाही. ट्रक नीट वळत होता. शत्रूच्या दिशेने बंदूक वळवली की नेम आपोआप त्याच्यावर बसत होता. मिशनमध्ये मेलो तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नव्हती, जिथे मेलो तिथूनच पुढे. कुठलं बटण कशासाठी हे हवं तसं बदलता येत होतं. पण हे सगळं मी दोषांतच मोजलं. नेम आपोआप बसत असेल तर नेम धरायचा कशाला? मेल्यावर काही जातच नसेल तर जगायची धडपड कशाला?

खेळांच्या एका मराठी ग्रुपवर मी होतो. तिथे मी लांबलचक पोस्ट लिहिली. राग आला की मला चांगलं लिहिता येतं, हा माझा अनुभव आहे. धुक्यापासून डांबरात बुडालेल्या ट्रकपर्यंत सगळं लिहिलं आणि शेवटी घातलं: 'हा नवा खेळ ज्याला आवडेल त्याने जुना कधी खेळलाच नाही, असं खुशाल समजावं.' लोकांना ते वाक्य फार आवडलं. कुणी त्याचं चित्र करून फिरवलं. मी दिवसभर वांग्यांना पाणी देताना मध्येच फोन काढून कॉमेंट वाचत होतो.

मित्राचा त्यावर काही शब्द नाही. ग्रुपवर तोही होता, पण कधी बोलायचा नाही. मी फोन केला तर इकडचं तिकडचं बोलला. तुरीवर अळी आहे, अमुक फवारलं. मी म्हटलं, "पोस्ट वाचली काय माह्यी?" तो म्हणाला, "वाचली." आणि कुणीतरी आल्याचं सांगून फोन ठेवला. नंतर दोनदा लावला, उचलला नाही. तिसऱ्या वेळी त्याच्या बायकोने उचलला.

"ते खेळून राह्यले भाऊजी," ती म्हणाली. "आता त्याईले हाक ऐकू येत नाई."

"काय खेळून राह्यला?"

"तोच ना तुमचा. ट्रकवाला. माह्या भावानं पुण्याहून त्याचं जुनं मशीन आनून देल्लं, टीव्हीले लावाचं. तुमाले सांगतलं नाई काय त्याईनं?"

मला नव्हतं सांगितलं. मी गाडीला किक मारली आणि मेडशीचा रस्ता धरला. रविवारची दुपार होती. वाटेत मला नक्की कशाचा राग येतोय हेच समजत नव्हतं. तो खेळतोय याचा, की तो हा असला खेळ खेळतोय याचा, की माझ्याशिवाय खेळतोय याचा.

समोरच्या खोलीत तो भिंतीला टेकून खाली बसला होता. पाय पसरलेले, एका मांडीवर उशी आणि उशीवर कंट्रोलर. सायकलच्या ट्यूबची एक पट्टी कापून त्याने कंट्रोलरच्या उजव्या बाजूला अडकवली होती आणि तिच्यात तळहात घातला होता. अंगठा नेम धरायच्या काडीवर. बाकी सगळी बटणं त्याने डाव्या हाताकडे घेतली होती. डावी बोटं अशी धावत होती की मी दारातच थांबलो. दस्ती जवळ कुठेच दिसत नव्हती.

टीव्हीवर ट्रक बंदराच्या पुलावरून चालला होता. मागून पोलीस. त्याने खिडकीतून दोन गोळ्या झाडल्या, एक गाडी उलटली, आणि मग त्याला मी दिसलो. त्याने खेळ थांबवला. हात पट्टीतून काढला नाही.

"बस ना," तो म्हणाला.

मी उभाच राहिलो. "कवापासून चालू हाये हे?"

"झाले काई दिवस."

"मले सांगतलं नाई."

"सांगून काय करतो? तू त लिवून ठेवलं ना. ज्याले आवडते त्यानं जुना खेळलाच नाई म्हनून. मंग मी कोन हाये? तुह्या बाजूले स्टुलावर कोन बसत होता मंग, कॅफेवाल्याचा काका?"

"ते तुह्यासाठी नव्हतं."

"मंग कोनासाठी होतं? वरते नाव टाकाचं ना त्याचं."

मी म्हटलं, ते सगळ्यांसाठी होतं, उगाच ओढवून घेऊ नको. खेळ खराब आहे म्हणून खराब लिहिलं. त्याने कंट्रोलर उशीवर ठेवला, पट्टीतून तळहात सोडवला आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"पाय इकडे," तो म्हणाला. "नीट पाय. ह्यानं माऊस धरून दाखव बरं मले. नेम आपोआप बसते म्हनून तुले राग येते. मेल्यावर तेथूनच सुरू होते म्हनून राग येते. बटनं बदलता येतात, त्याचा बी राग. लेका, त्या तीनच गोष्टी चांगल्या हायेत त्या खेळात, अन् तू त्याच शिव्या देल्यावानी लिवल्या. तुह्ये दोनी हात शाबूत हायेत म्हनून तुले जुनं पाह्यजे."

इथे मी नमतं घ्यायला हवं होतं, असं आता कुणीही म्हणेल. पण माझाही पारा चढला होता. मी म्हटलं, "हाताबद्दल मी एक शब्द लिवला नाई. आन् तुह्या हातामुळं तो खेळ चांगला होत नाई. पुलावून पाय समोर. धुकं कुठी हाये? त्या वकिलाचं तोंड पाय. खराब हाये तो खराबच हाये."

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला. तो टीव्हीकडे वळला.

"जाय मंग," तो म्हणाला.

मी निघालो. गाडीला किल्ली लावतच होतो तर त्याची बायको ओले हात पदराला पुसत बाहेर आली.

"भाऊजी, कुठी चालले?"

"त्यानं जाय म्हटलं ना."

"ते म्हनतीन. तुमी कायले आयकता?" ती हळू आवाजात बोलत होती पण चिडलेली होती. "हात गेल्यापासून या घरात त्याईच्यासंग कोनी भांडत नाई. माहीत हाये काय तुमाले? मामंजी भांडत नाईत, दीर भांडत नाईत. ते चुकीचं बोलले तरी सगळे हो हो म्हनतात. मी बी म्हनतो. आज पयल्यांदा कोनी त्याईले घरात येऊन खराब हाये म्हनलं. अन् तुमी पळून चालले."

"मंग काय करू?"

"भांडा. पन तेथं बसून भांडा."

मी परत आत गेलो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, पण पाय आखडून घेतले. मी त्या जागेवर बसलो. त्याने हात पट्टीत सरकवला आणि खेळ पुढे सुरू केला.

पोलिसांना चुकवून त्याने ट्रक गोदामाशी आणला. पुढचं मिशन बंदरातल्या कंटेनरच्या यार्डात होतं. हे मिशन आमचं जुनं दुखणं. लोखंडी डब्यांच्या गल्ल्या, प्रत्येक वळणावर बंदूकवाला. कॅफेत आम्ही त्यात किती वेळा मेलो असू देव जाणे, आणि एकदा सगळं संपत आलेलं असताना मालेगावची लाईन गेली होती. तेव्हा मित्राने टेबलावर डोकं ठेवलं होतं.

तो यार्डात शिरला. पहिल्या गल्लीत दोघांना टिपलं. मी म्हटलं, "काई मजाच नाई याच्यात. बंदूकच सोता नेम धरून राह्यली."

"पुढच्या गल्लीत नाई धरत," तो म्हणाला. "तेथं तीन जन एकदम येतात. कोनावर धराचा ते मले ठरवा लागते. तू खेळला काय येथपर्यंत?"

मी नव्हतो खेळलो. ट्रक डांबरात गेला तिथेच मी सोडला होता. हे मी त्याला सांगितलं नाही, पण त्याला ते कळलं.

"म्हंजे अर्धा बी नाई खेळला," तो म्हणाला. "अन् एवढं मोठं लिवलं."

पुढच्या गल्लीत तो मेला. खेळ गल्लीच्या तोंडाशीच पुन्हा सुरू झाला. परत मेला. आता मी त्याच्या डाव्या हाताकडे बघत होतो. बटणांवरून बोटं फिरताना मनगटाची शीर ताणली जात होती. प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं तर हा हात टिकला नसता. एवढं दिसायला मला समीक्षक असण्याची गरज नव्हती. तरी मी तोंडाने म्हटलं, "आपुन पयल्यापासून करत होतो."

"आपुन दोघं होतो," तो म्हणाला.

मी हात पुढे केला. "दे इकडे. गाडी मी चालवतो, तू गोळी मार. एका बाजूनं मी धरतो."

तो चटकन बाजूला झाला. "नाई देत. गाडी तुह्यी होती, मले मान्य हाये. आता गाडी बी माह्यी."

हे तो चिडून म्हणाला नाही. पण मस्करीतही नाही. मी हात मागे घेतला.

चौथ्या की पाचव्या खेपेला तो त्या गल्लीतून बाहेर पडला आणि यार्डच्या टोकाला पोहोचला. तिथे क्रेनखाली वकील उभा असतो. जुन्या खेळात ही जागा फार भारी होती. धुक्यातून फक्त हॅट दिसायची आणि सिगारेटचं लाल टोक. नव्यात तो भर उजेडात दात काढून उभा होता. बोलताना त्याचे ओठ एकीकडे आणि आवाज भलतीकडे. मी काही बोलायच्या आत मित्रच ओरडला.

"हे पाय! हे पाय ह्या भामट्याईनं काय केलं! हा वकील होय काय? हा त एजंट वाटते, पॉलिसी विकाले आलेला."

"मी तेच लिवलं ना!"

"तू दाताचं लिवलं. कानाचं नाई लिवलं. कान पाय त्याचे. हॅट कानातून आरपार गेली."

खरंच गेली होती. मग त्याची गाडी सुटली. त्याच्याकडे माझ्या दुप्पट तक्रारी होत्या, कारण तो खेळला होता. एका मिशनमध्ये ट्रकचं दार उघडतच नाही, खेळ बंद करून परत लावावा लागतो. पायी चालताना ड्रायव्हर जिने चढत नाही, सरकतो. पोलीस भिंतीतून येतात. बंदरावरची ती म्हातारी मासे विकणारी बाई, जिला आम्ही दर वेळी हॉर्न द्यायचो, तिला काढूनच टाकलं आहे. धुक्याबद्दल तो म्हणाला, "मले बी पयल्या दिवशी खराब वाटलं. डोंगर नाई निघाले म्हनून तुह्यावर हासलो, मंग कारखाने बी नाई निघाले. मंग नाई हासलो."

आम्ही दोघांनी मिळून त्या कंपनीला अशा शिव्या घातल्या की त्याची बायको चहा ठेवून जाताना म्हणाली, "अंगनात आवाज येऊन राह्यला. जरा शिस्तीत." पण ती दाराआड गेल्यावर थांबली होती, तिची सावली दिसत होती.

निघताना मी त्याला म्हटलं, ते शेवटचं वाक्य मी काढून टाकतो.

"काढू नको," तो म्हणाला. "तू काढलं त लोक म्हनतीन हा घाबरला. राहू दे. मी देतो उत्तर."

मला वाटलं, बोलून गेला असेल. पण दोन दिवसांनी माझ्या पोस्टखाली त्याची कॉमेंट आली. डाव्या अंगठ्याने टाईप केलेली, चुका तशाच. त्याने लिहिलं होतं की मी जुना खेळ या पोस्टवाल्याच्याच शेजारी बसून खेळलेलो आहे, माझ्या उजव्या हाताला चार बोटं नाहीत, नवा खेळ मी एकटा खेळतो, आणि हा खेळ बऱ्याच ठिकाणी भिकार आहे पण पोस्टवाल्याने ज्या तीन गोष्टींना नावं ठेवली त्याच फक्त चांगल्या आहेत. शेवटी लिहिलं होतं: 'पोस्टवाला स्वतः अर्धाही खेळलेला नाही. विचारा त्याला.'

लोकांनी मला विचारलं. मला कबूल करावं लागलं. ज्यांनी माझ्या वाक्याचं चित्र करून फिरवलं होतं त्यांनीच आता माझी टर उडवली. एकाने मात्र मित्राला लिहिलं की सहानुभूती मिळवायला लोक काय काय सांगतात. मी त्याच्यावर तुटून पडणार होतो, पण माझ्या आधी मित्रच पडला. त्याने पट्टीतल्या हाताचा फोटो टाकला नाही. फक्त लिहिलं, 'मेडशीला ये. यार्डचं मिशन लावून देतो. तुह्या दोन हातांनी कर.' तो माणूस पुन्हा त्या पोस्टवर दिसला नाही.

त्यानंतर मित्र त्या ग्रुपवर जो सुटला तो सुटलाच. कुणी नव्या खेळाची फार स्तुती केली की हा जिने आणि पोलीस आणि मासेवाली काढतो. कुणी सरसकट शिव्या घातल्या की हा बटणांचं काढतो. दोन्हीकडच्या लोकांना तो नकोसा झाला आहे. एरवी फोनवर अळीशिवाय न बोलणारा माणूस आता सकाळी सकाळी मला फोन करतो, मी बाजारात जुड्यांच्या ढिगाशी उभा असतो, आणि तो म्हणतो, "पायलं काय त्या बैताडानं काय लिवलं?"

मी माझ्या संगणकावरून तो खेळ काढून टाकला. माझं मत बदललेलं नाही. धुकं काढणाऱ्याला त्या शहरातलं काहीच कळलं नव्हतं, हे मी आजही लिहून द्यायला तयार आहे. अपडेट येतात, चाकं आता डांबरात रुतत नाहीत म्हणे, वकिलाचे ओठ सुधारलेत म्हणे. सुधारू देत.

मागच्या महिन्यात त्याचा खेळ संपला. त्याने मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. शेवटच्या मिशनमध्ये ड्रायव्हर वकिलाला पुलावर गाठतो. मित्राने खूप वेळ घेतला, तीनदा थांबून डावा हात चोळला. मी मध्ये एक शब्द बोललो नाही, आणि बोललो नाही म्हणून तोच भडकला. "बोल ना बे, तोंड शिवलं काय?" मग मी पावसाबद्दल बोललो, पुलाखाली पडणाऱ्या. त्याने "अजूनई पडते," म्हणत गोळी झाडली. वकील पडला. ड्रायव्हर ट्रकमध्ये बसून निघून गेला आणि बनवणाऱ्यांची नावं वर सरकू लागली. ती फार मोठी यादी होती.

"इतके जन होते," मित्र म्हणाला, "अन् एकाले बी कान दिसले नाईत."

त्याच्या बायकोने ताटं वाढली. तो डाव्या हाताने जेवला, आमच्या सोबत, उजवा हात ताटाच्या कडेला ठेवून. मी त्याला सांगितलं की इतका वेळ या असल्या खेळावर घालवणारा माणूस मूर्ख आहे. तो म्हणाला, अर्धा खेळून लिहिणारा त्याहून मूर्ख. मग वरणात मीठ जास्त झालं यावर त्याने बायकोशी भांडण काढलं, आणि तिने त्याला चांगलं उत्तर दिलं.